शेतकरी कोणाला म्हणायचे? वऱ्हाडाच्या अनुभवातून समाजसंशोधनाच्या मूलभूत संकल्पना

(डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ अमरावतीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, गाव पापळ. शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस विलायतेला गेला, वैदिक वाङ्मयातील धर्म या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला, परत आला आणि १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. पुढे १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे त्यांनी देशाचे कृषिखाते सांभाळले. अभ्यासाची शिस्त आणि शेतकऱ्याचे जगणे या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. त्यांच्या स्मृतीत बोलायचे तर विषयही तसाच असावा, म्हणून मी समाजशास्त्रीय संशोधनाच्या मूलभूत संकल्पनांवर बोलणार आहे.

हा विषय आपण एम.ए.च्या एका पेपरात बंद करून ठेवला आहे. संकल्पना, चल, परिकल्पना, नमुना, वैधता, विश्वसनीयता. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात, उत्तरे लिहितात, परीक्षा झाली की विसरतात. वऱ्हाडातल्या माणसाला मात्र या संकल्पना विसरणे परवडणारे नाही. गेली वीस वर्षे आपल्या गावांतली मरणे याच संकल्पनांच्या आधारे मोजली गेली आहेत. कोणाचे मरण शेतकऱ्याचे मरण ठरले, कोणत्या घरी मदत पोचली, सरकारच्या आणि वर्तमानपत्रांच्या लेखी संकट वाढले की ओसरले, हे सारे कोणीतरी ठरवलेल्या व्याख्येवर अवलंबून राहिले. म्हणून शेतकरी आत्महत्या हा एकच प्रश्न समोर ठेवून मी या संकल्पना उलगडणार आहे.

व्याख्या आधी, मोजणी नंतर

संकल्पना म्हणजे वास्तवाकडे पाहण्यासाठी घेतलेली अमूर्त कल्पना. 'शेतकरी' ही संकल्पना आहे, 'कर्जबाजारीपणा' ही संकल्पना आहे. पण संकल्पना मोजता येत नाही. मोजायची तर तिला ठोस खुणा द्याव्या लागतात. कोणती खूण दिसली म्हणजे या माणसाला शेतकरी म्हणायचे, हे आधी सांगावे लागते. याला कार्यकारी व्याख्या म्हणतात. संशोधनातला सर्वांत मोठा निर्णय इथे होतो आणि बहुतेक वेळा तो चर्चेविना होतो.

याचे उत्तम उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिले आहे. १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. त्या काळी 'किफायतशीर धारणक्षेत्र' म्हणजे कुटुंबाचे पोट भरेल एवढी जमीन, अशी व्याख्या अभ्यासक करत होते. बाबासाहेबांनी त्या व्याख्येलाच हात घातला. ही व्याख्या उपभोगाच्या बाजूने केली आहे, ती उत्पादनाच्या बाजूने करायला हवी, असे त्यांनी मांडले. जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही. तिच्यावर लावायला भांडवल, अवजारे आणि मनुष्यबळ किती आहे, त्यावर ठरते. व्याख्या बदलताच उपायही बदलला. शेतीवरचा माणसांचा भार कमी करण्यासाठी उद्योग वाढवा, हे त्यांचे उत्तर त्या बदललेल्या व्याख्येतून आले.

आता आपल्याकडे या. डिसेंबर २००५ पासून राज्य शासन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत देऊ लागले. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसते. मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नावे शेतजमीन हवी. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. आणि ते फेडता न आल्याने वसुलीचा तगादा लागलेला हवा. या खुणा जुळल्या तर प्रकरण पात्र, नाही तर अपात्र. 'पात्र' आणि 'अपात्र' हे शब्द आता वऱ्हाडात घरोघरी ठाऊक आहेत.

या खुणांतून कोण निसटते ते पाहा. ज्याच्या घरात कोणाच्याच नावे सातबारा नाही आणि जो दुसऱ्याचे वावर ठोक्याने किंवा बटईने करतो, तो निसटतो. ज्याने कृषी सेवा केंद्रातून बियाणे आणि खत उधारीवर उचलले, ज्याने नातेवाइकाकडून किंवा परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे घेतले, त्याचे कर्ज कागदावर कर्ज नाही. आणि जी बाई पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळी कामे करते पण जिच्या नावे गुंठाभर जमीन नाही, तिची नोंद बहुतेक वेळा गृहिणी अशी होते. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत पतीने आत्महत्या केलेल्या पाचशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या सुमारे ४० टक्के जणींना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क तोवर मिळालेला नव्हता. शेती त्यांची, संकट त्यांचे, पण व्याख्येत त्या नाहीत.

देशपातळीवरही हेच घडले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१३ च्या अहवालात शेतीवर जगणाऱ्यांच्या आत्महत्यांचा आकडा ११,७७२ होता. २०१४ च्या अहवालात शेतकऱ्यांच्या आत्महत्या ५,६५० अशी नोंद आली. एका वर्षात संकट निम्मे झाले, असे वाटावे. प्रत्यक्षात त्या वर्षी वर्गीकरण बदलले होते. शेतमजुरांसाठी वेगळा रकाना केला गेला आणि त्यात ६,७१० मृत्यू गेले. दोन्हींची बेरीज १२,३६०, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा जास्त. कालमालिका वाचताना मधल्या काळात व्याख्या बदलली का, हे पाहिल्याशिवाय चढ-उतारावर एक शब्दही बोलू नये, हा नियम इथून शिकावा.

आकडा कुठे तयार होतो

संशोधक स्वतः जाऊन गोळा करतो ती प्राथमिक आधारसामग्री. दुसऱ्याने आपल्या कामासाठी गोळा केलेली वापरतो ती दुय्यम. दुय्यम आकडा वापरताना तो कोणी, कोणत्या कामासाठी जमवला, हे विचारावेच लागते. वऱ्हाडात पहिली रीतसर जनगणना ७ नोव्हेंबर १८६७ रोजी झाली. तीत २२ लाखांहून अधिक लोक मोजले गेले. तीन वर्षांनी आल्फ्रेड लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटिअर आले. महसूल, कापूस आणि बंदोबस्त या राज्यकर्त्यांच्या गरजा होत्या. आकडे त्या गरजांभोवती रचले गेले. ते आकडे मोलाचे आहेत, पण त्यांत काय विचारले गेले नाही हेही वाचायला हवे.

समाजशास्त्रात आत्महत्या या विषयाला मोठी परंपरा आहे. एमिल दुर्खाइम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवरचा ग्रंथ लिहिला. एकेका माणसाचे खासगी वाटणारे हे कृत्य समाजाच्या बांधणीशी जोडलेले असते, हे त्यांनी युरोपातील देशोदेशींच्या सरकारी आकडेवारीतून दाखवले. सत्तर वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेतील जॅक डग्लस यांनी विचारले की, मृत्यूला आत्महत्या ठरवणारा अधिकारी ते कशावरून ठरवतो? नातेवाईक काय सांगतात, गावाला काय लपवायचे असते, अधिकाऱ्याच्या मनात आत्महत्येचे कोणते चित्र असते, यांतून तो आकडा घडतो. मग त्यावर उभारलेला सिद्धांत किती भक्कम?

या वादाचे उत्तर आपल्याला ग्रंथालयात शोधायची गरज नाही. दर्यापूर, मूर्तिजापूर किंवा बार्शीटाकळीच्या एखाद्या गावात असा मृत्यू झाला की ठाण्यात मर्ग (आकस्मिक मृत्यूची नोंद) दाखल होतो. पंचनामा होतो. तलाठ्याचा अहवाल तहसीलदाराकडे जातो, तिथून प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी एक शब्द निवडतो. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक वाद' लिहिले की प्रकरणाची वाट एक, 'कर्जबाजारीपणा' लिहिले की दुसरी. घरच्यांनाही या वाटा माहीत असतात. कोणी बदनामीच्या भीतीने गप्प राहतात, कोणी शेजाऱ्याच्या सल्ल्याने बोलतात.

इथे वैधता आणि विश्वसनीयता या दोन संकल्पना उपयोगी पडतात. ज्याचे मोजमाप करतो असे आपण म्हणतो, तेच मोजले जाते का, हा वैधतेचा प्रश्न. पात्र प्रकरणांचा आकडा मदतीच्या निकषांत बसलेली कुटुंबे मोजतो. शेतीवरचे संकट त्याहून मोठे असते. हा आकडा संकटाचा म्हणून छापला की वैधता गेली. तीच फाईल दुसऱ्या समितीपुढे ठेवली तर निकाल तोच येईल का, हा विश्वसनीयतेचा प्रश्न. तो अमरावतीच्या, अकोल्याच्या, वाशीमच्या प्रत्येक समितीला विचारता येतो आणि फायली अभ्यासून त्याचे उत्तरही काढता येते.

आकड्याला छेदही लागतो. शंभर मृत्यू किती जणांमधले? शेतकऱ्यांची संख्या घटत असताना मृत्यूंची संख्या तेवढीच राहिली, तर धोका वाढलेला असतो. म्हणून अभ्यासक दर लाखामागचे प्रमाण काढतात. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्रा यांनी २००६ च्या अहवालात महाराष्ट्रातील पुरुष शेतकऱ्यांचे प्रमाण मांडले: १९९५ मध्ये दर लाखामागे १५, २००४ मध्ये ५७. नुसत्या बेरजेने जे लक्षात आले नसते ते या प्रमाणाने समोर आणले.

नमुना: एकवीस तालुक्यांचा मुलूख

अमरावतीचे चौदा तालुके आणि अकोल्याचे सात, असा एकवीस तालुक्यांचा हा मुलूख. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा, जिथे विहिरीचे पाणी पिकालाही चालत नाही आणि पिण्यालाही. वरूड-मोर्शीत संत्र्याच्या बागा आणि खोल खोल जाणारे बोअर. धारणी आणि चिखलदऱ्यात मेळघाट, कोरकूंची वस्ती, डोंगरउतारावरची शेती. अकोट-तेल्हाऱ्याला सातपुड्याचा पायथा, पातूरकडे माळरान.

ज्या सर्वांविषयी बोलायचे ते सर्व म्हणजे समग्र. त्यातून निवडलेले मोजके म्हणजे नमुना. नमुना यादृच्छिक असावा, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची संधी असावी. पण या मुलखात नुसत्या चिठ्ठ्या टाकून भागत नाही. आधी खारपाणपट्टा, बागायत, मेळघाट, कोरडवाहू पठार असे स्तर पाडून प्रत्येकातून गावे निवडावी लागतात. याला स्तरित नमुना म्हणतात. तसे केले नाही तर डांबरी रस्त्यालगतची, एसटी थांबते ती गावे नमुन्यात येतात आणि आतले टोले-पाडे राहून जातात. सोयीचा नमुना अहवालात संपूर्ण वऱ्हाडाच्या नावाने छापला जातो, तेव्हा त्यावर आखलेली योजनाही रस्त्याकाठच्या गावांचीच होते.

सगळ्यांचीच पाहणी केली तर? तसा प्रयत्नही झाला. २००६ मध्ये अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयाच्या पुढाकाराने अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांतील साडेसतरा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी झाली. देशात क्वचितच एवढ्या मोठ्या प्रमाणावर ग्रामीण संकटाची नोंद घेतली गेली असेल, आणि त्या कामाचे श्रेय द्यायलाच हवे. त्याच वर्षी १ जुलैला पंतप्रधानांनी याच सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले.

अशी सर्वंकष पाहणी झाली तरी 'एकक' कोणते, हा प्रश्न उरतो. पाहणीचे एकक कुटुंब असेल तर कुटुंबप्रमुखाचे कर्ज दिसते. बचत गटातून घरच्या बाईने उचललेले वेगळे कर्ज दिसेलच असे नाही. एकक जिल्हा असेल तर मेळघाटचे कुपोषण जिल्ह्याच्या सरासरीत विरून जाते. जिल्ह्याच्या आकड्यावरून माणसाविषयी निष्कर्ष काढणे ही संशोधनातली जुनी आणि वारंवार होणारी चूक आहे. अमुक जिल्ह्यात कापूस जास्त आणि आत्महत्याही जास्त, यावरून मरण पावलेला माणूस कापूसवालाच होता असे सिद्ध होत नाही.

कारण शोधायचे तर तुलना हवी

दोन गोष्टी सोबत आढळल्या की त्यांच्यात सहसंबंध आहे असे म्हणतो. एकीमुळे दुसरी घडली असे म्हणायचे तर पुरावा वेगळा लागतो. मिश्रा यांच्या अभ्यासाचा मला आदर वाटतो तो या ठिकाणी. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांत त्यांनी आत्महत्या झालेली १११ कुटुंबे अभ्यासली. त्यांतल्या सुमारे ८७ टक्के घरांवर कर्ज होते. इथेच थांबता आले असते. पण कर्ज तर शेजारच्या घरावरही असते आणि तो शेजारी जगतो आहे. म्हणून त्यांनी आत्महत्या न झालेली १०६ कुटुंबेही घेतली. याला तुलनागट म्हणतात. तुलना केल्यावर दिसले की आत्महत्या झालेल्या घरांवर थकीत कर्जाचा बोजा जास्त होता, उत्पादनाचे मूल्य कमी होते आणि त्यांच्याकडे बैलांसारखी मत्ता कमी होती. बैलजोडी म्हणजे वेळेवर होणारी पेरणी आणि अडीअडचणीला विकता येणारा आधार. ती गेली की माणूस दुसऱ्याच्या बैलांची वाट पाहतो, आणि पेरणी आठ दिवस मागे पडली की कोरडवाहू वावरात वर्ष जाते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. एकेका मृत्यूमागे एकच कारण नव्हते. कर्ज, घसरलेली पत, पिकाची नापिकी, घरातले ताण, मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाची काळजी, व्यसन, अशा अनेक गोष्टी एकत्र होत्या. कारणाचा रकाना मात्र एकच असतो. 'व्यसनामुळे' असे लिहून प्रकरण मिटवणारे आणि 'कर्जामुळेच' असे म्हणून मिटवणारे, दोघेही त्या माणसाच्या आयुष्याला एका शब्दात कोंबतात. संशोधकाने दोघांपासूनही सावध राहावे. घटक वेगळे करावेत, त्यांचा क्रम शोधावा, कोणता घटक धोरणाने बदलता येतो ते सांगावे. कर्जाची अट, विम्याचा निकष, भावाची हमी, हे घटक बदलता येतात. म्हणून त्यांच्यावर बोट ठेवण्याची जबाबदारी जास्त.

काय सुधारले, हे कसे कळते

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम झाला. त्याचा अभ्यास राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी निर्देशक नेमका निवडला: नैराश्य असलेल्यांपैकी किती जण उपचारासाठी कोणाकडे तरी गेले? कार्यक्रमाआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४.३ टक्के होते, अठरा महिन्यांनी २७.२ टक्के. शिबिरे किती झाली, पत्रके किती वाटली, असे निर्देशक सहज मिळतात. पण त्यांतून आजारी माणसापर्यंत मदत पोचली का हे कळत नाही. आधीची पाहणी केली नसती तर नंतरच्या आकड्याला अर्थच आला नसता. आपल्या जिल्ह्यांत इतक्या योजना आल्या, पण सुरू होण्याआधीची स्थिती किती योजनांनी नोंदवून ठेवली, हे प्रत्येक योजनेला विचारले पाहिजे.

दुःखाच्या घरी प्रश्नावली

शेवटची संकल्पना नीतीची आहे. या गावांत संशोधक येतात, पत्रकार येतात, अधिकारी येतात. त्याच घरी, त्याच बाईला, तोच प्रसंग पुन्हा सांगायला लावतात. तिची संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे. आपण कोण, कशासाठी विचारतो, उत्तर दिले म्हणून मदत मिळणार नाही आणि न दिल्याने काही बिघडणार नाही, हे तिला तिच्या बोलीत समजले पाहिजे. ती मध्येच थांबली तर प्रश्नावली बंद केली पाहिजे. तिचे आणि गावाचे नाव ओळखू येईल असा तपशील अहवालात जाऊ नये. समोरचे माणूस फार खचलेले आहे असे जाणवले तर कुठे पाठवायचे हे मुलाखतकाराला आधीच ठाऊक हवे. टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर असावी.

आणि ज्या गावाने माहिती दिली त्या गावाला निष्कर्ष परत मिळाले पाहिजेत. आपल्याकडचे बहुतेक प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात राहतात. ज्यांच्या आयुष्यावर ते उभे असतात, त्यांना त्यातला एक परिच्छेदही वाचायला मिळत नाही. निष्कर्ष गावापुढे ठेवले की संशोधनाचीही तपासणी होते. कर्जाचा आकडा चुकला असेल तर ग्रामसभेत पहिल्या पाच मिनिटांत कळते.

आता काय करायचे

मित्रहो, अमरावतीत १९८३ पासून विद्यापीठ आहे, अकोल्यात १९६९ पासून भाऊसाहेबांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे, आणि या दोन जिल्ह्यांत समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य शिकवणारी कितीतरी महाविद्यालये आहेत. एवढे मनुष्यबळ असताना आपल्याविषयीचे महत्त्वाचे अभ्यास मुंबईहून यावेत, याची खंत वाटली पाहिजे. त्या अभ्यासकांचे आपण ऋणी आहोत. पण बोली, पीक आणि नातेसंबंध जाणणारा संशोधक इथलाच असायला हवा.

माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, आत्महत्यांचा कोणताही आकडा प्रसिद्ध करताना त्याची व्याख्या, निकष आणि अपात्र ठरवण्याची कारणे त्यासोबत छापावीत. दुसरी, शेती कसणारी प्रत्येक बाई, मग जमीन कोणाच्याही नावे असो, पाहणीत शेतकरी म्हणून नोंदली जावी. तिसरी मागणी आपल्या प्राध्यापकांकडे आणि विद्यार्थ्यांकडे आहे. प्रशासनाच्या परवानगीने आणि नावे गुप्त ठेवून, दोन्ही जिल्ह्यांतील अपात्र प्रकरणांचा एक शिस्तशीर अभ्यास हाती घ्या. कोणत्या निकषावर किती प्रकरणे नाकारली गेली, त्यांत ठोक्याने शेती करणारे किती, स्त्रिया किती, उधारीत बुडालेले किती, हे मोजा. त्यासाठी नवा निधी किंवा मोठी यंत्रणा लागत नाही. व्याख्या, नमुना, तुलना, नीती, एवढेच लागते, आणि ते आपल्या अभ्यासक्रमात आहे. ज्यांना एकदा अपात्र म्हणून परत पाठवले त्या कुटुंबांचे ऋण आपल्या ज्ञानावर आहे. ते फेडण्याची सुरुवात या वर्षीच्या प्रबंधांपासून व्हावी, अशी मी आपल्याला विनंती करतो.